चाकाची आतली बाजू

मंद्रूप,
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप आत्यास आशिषचा शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. घरचा मोबाइल दवाखान्यातही तात्यांच्या उशाशी असतो आणि माझं नाव दिसलं की ते तो पालथा घालतात, हे वैदेहीताईनं मला सांगितलंय. शिवाय जे बोलताना आवाज चढेल ते लिहून द्यायचं, हा आपल्या घरचा नियमच आहे की. पोस्टमास्तरच्या घरात दुसरं काय होणार. जोतिराम दर मंगळवारी दुकानाचं सामान आणायला सोलापुरात येतो, त्याच्या हाती हे देतोय.

मी मंद्रूपलाच आहे. जोतिराम माझा डिप्लोमाचा सोबती, इथं त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. आपली गाडी त्याच्याच आवारात आणून टाकलीय. ऑपरेशनला नेताना तात्या म्हणाले की माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस. खुबा मोडलेल्या माणसाशी काय वाद घालणार. मी तिथून निघालो तो गाडीजवळ येऊन बसलो.

आत्या, तुला माहीत आहे हे मी कशासाठी केलं. मे महिन्यात तात्यांची गाडी उसाच्या ट्रॉलीमागे वीतभर अंतरावर थांबली होती. त्यांचा पाय आता उशिरा हलतो आणि गाडी चालवणं तर ते सोडणार नाहीत, म्हणून निदान गाडीनं तरी लवकर थांबावं, एवढाच माझा विचार होता. पुढच्या चाकांना ब्रेकच्या मोठ्या डिस्क, म्हणजे तबकड्या, घातल्या, त्यांना चिमटीत धरणारे चार पिस्टनचे कॅलिपर बसवले, ऑइलचे होज-पाइप बदलले. एकेक बोल्ट मापानं आवळला आणि त्यावर पांढऱ्या रंगाची खूण केली. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या पंचाक्षरीकाकांना सोनं द्यायला निघाले आणि मंद्रूपच्या अलीकडे गाडी थांबलीच नाही.

समोर मेंढरं होती. ती ज्याची, तो सिदू रोज इथं येऊन तेच सांगतो, की म्हातारं ब्रेकवर हुबं ऱ्हायल्यालं मी बघितलंय, पर गाडी काय ऐकंना, मग त्यानीच गाडी बाभळीवर घातली. माझी मेंढरं वाचली पर बाबाचं पाय गेलं, असं म्हणून तो डोळे पुसतो. मला त्याच्यासमोर बसवत नाही.

कारखान्यात दहा दिवस गेलेलो नाही. टॉवेलचा माग बंद पडला की एमआयडीसीतून फोन येतात आणि मी घेत नाही. कुठल्याही नटाला हात लावायची भीती वाटते. मला माफी नको आहे, आत्या. माझ्या हातून काय चुकलं तेवढं मला कळायला हवं. ते कळल्याशिवाय मी जगू कसा, हेच समजत नाही.

तात्यांचं कसं आहे ते लिही. माया आटली नसेल तर दोन ओळी तरी लिही.

तुझा
आशिष


सोलापूर,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. आशिष यास प्रभाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, चष्मा दोनदा पुसला तेव्हा कुठे लागलं. जोतिराम उंबऱ्याशी उभा आहे आणि आत यायला लाजतोय, म्हणून घाईत लिहिते.

तात्यांना परवा घरी आणलं. खुब्यात पट्टी घातलीय. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवसांनी वॉकर धरून उभं करू, पुढचं पुढे बघू. पूर्वीसारखं चालतील का, हे विचारलं तर ते नुसते फाईल चाळतात. तात्या तुझं नाव काढत नाहीत. कुणी भेटायला आलं की मुलानं माझ्या जिवाशी खेळ केला, असं एकदा म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात. मला ते ऐकवत नाही. मी उठून स्वयंपाकघरात जाते.

तू स्वतःला असं खाऊ नकोस रे. मी डोळ्यांनी पाहिलंय तुझं काम. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही म्हणून तू चाकं न लावता गाडी तशीच लोखंडी घोड्यांवर उभी ठेवलीस, आणि आपले पाने-हातोड्या धुऊन पाटावर मांडून मला म्हणालास की आत्या, आता तू आणि तुझी पूजा. ती नवी तबकडी कशी झळकत होती. एवढ्या निगुतीनं काम करणारं पोर चूक करेल, हे मला पटतच नाही. देवीपुढे रोज तेच म्हणते.

जोतिरामच्या हाती भाकरी आणि शेंगाचटणी देते आहे. गिरिजाबाई, त्याची आई, तुला जेवायला घालत असेलच, तरी ही आपल्या घरची खा. आई गेल्यापासून तुला मीच भरवलंय, आता एवढा मोठा झालास म्हणून काही ते सुटत नाही.

जेवत जा. जिवाला जप, म्हणजे माझाही जीव थाऱ्यावर राहील.

तुझी
आत्या


मंद्रूप,
१७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप आत्यास शि. सा. न. वि. वि.

काल मन घट्ट करून चाकं काढली. पहिले दोन नट जोतिरामनंच सोडले, मग मी पाना घेतला.

माझी पहिली शंका अशी होती की कॅलिपरमधून ब्रेक ऑइल गळलं असणार आणि ते पॅडवर आलं असणार. तसं असतं तर चूक सरळ माझी होती. पण सगळे जोड कोरडे आहेत आणि टाकीतलं ऑइल खुणेपर्यंत भरलेलं आहे. पांढऱ्या खुणा जागच्या जागी आहेत. तरीही दोन्ही बाजूंचे पॅड काळे आणि तुकतुकीत झालेत, नख ओढलं तर तेलकट लागतं. पॅडला तेल लागलं की तो डिस्कवरून नुसता घसरतो, मग कितीही दाबा.

तेलकटपणा सगळ्यात जास्त आतल्या बाजूला आहे. डिस्कच्या आतल्या अंगाला जळकट तपकिरी थर बसलाय आणि छिद्रांमध्ये काहीतरी पिवळं आहे. मी ते गंज समजून खरवडलं, पण गंज नव्हे, ते बोटाला लागतं. वासही ब्रेक ऑइलचा नाही. ओळखीचा वाटतो आणि सापडत नाही. दिवसभर तो पॅड खिशात घेऊन हिंडतोय, गिरिजाबाई म्हणतात की पोराला याड लागतंय की काय.

तुला यातलं काही कळणार नाही हे ठाऊक आहे. पण तुझ्याशिवाय कुणाला लिहू? दिवाळी तोंडावर आली. मला घरी बोलावशील का, असं विचारत नाही. तात्यांना त्रास होईल.

जोतिराम मंगळवारी दिवाळीमुळे येणार नाही, म्हणून हे पोस्टानं पाठवतोय. उत्तराची वाट बघतो. तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे.

आशिष


सोलापूर,
२२ ऑक्टोबर २०२५

प्रिय आशू,

तुझी पत्रं आत्याला येतात, मला नाही, तरी मीच लिहितेय. दिवाळीला माहेरी आले तर घरात आकाशकंदीलसुद्धा नव्हता. मीच काल आणून लावला.

आधी तुला रागावून घेते. तात्यांना एकदा तरी समोर येऊन किंवा लिहून सांग ना की नेमकं काय झालं. ते रात्रंदिवस त्याच विचारात असतात. मला परवा विचारलं की ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली काहीच कसं नव्हतं. मी काय सांगणार? मी बँकेत कॅशियर आहे. त्यांना वाटतं तू चूक लपवून पळालास, आणि त्या वाटण्यानं ते खुब्याच्या दुखण्यापेक्षा जास्त खचलेत.

दुसरं, आत्याचं काहीतरी बिनसलंय. शनिवारपासून नीट जेवत नाही. नरकचतुर्दशीला मी तेल मागितलं तर संपलं म्हणाली, आणि बाटली फडताळात भरलेली होती. तात्यांना तिनं नुसत्या उटण्यानं पुसून काढलं. देवापुढच्या समईत तेल घालायचं कामही माझ्याकडेच दिलंय. विचारलं तर म्हणते की हाताला वास राहतो. तुझं पत्र तिच्या पोथीत आहे, उत्तर लिहिलं का विचारलं तर उठून गेली. तू तिला काही टाकून बोललास का? बोलला असशील तर आधी तिची माफी माग.

मी उद्या भाऊबीज करून जाते. ओवाळायला तू नाहीस. पाटावर सुपारी ठेवून ओवाळीन, पण हे सारखं चालायचं नाही, आशू. माझ्यावरचा तुझा जीव कमी झाला नसेल तर तात्यांना लिही.

ताई


मंद्रूप,
२५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप तात्यांस आशिषचा शि. सा. न. वि. वि.

काय झालं हे आपल्याला कळायला हवं. गाडी मी पूर्ण उघडून पाहिली. उजव्या कॅलिपरचा एक बोल्ट माझ्या हातून पुरेसा आवळला गेला नव्हता. तो सैल झाला आणि ब्रेक लागला नाही. यात इतर कुणाची किंवा कशाची चूक नाही. आता मी शोध थांबवला आहे. डिस्क आणि पॅड भंगारात दिले.

आपण मला सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं तेव्हापासून हातात पाना आहे. तो आता खाली ठेवतो. हत्यारांची पेटी जोतिरामला दिली. नाशिककडे एका गोदामात नोंदी ठेवायचं काम आहे, तिथे यंत्राशी संबंध नाही. कारखान्यात राजीनामा कळवला आहे. दहा नोव्हेंबरला इथूनच परस्पर निघेन. वैदेहीताई आणि आत्या आपलं सगळं करतीलच.

क्षमा मागायचा मला अधिकार नाही. आपण बरे व्हा, एवढंच मागणं आहे.

आपला
आशिष


सोलापूर,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. आशिष यास आत्याचे आशीर्वाद. ते घ्यावेत की नाही, हे पत्र वाचून ठरव.

तात्यांनी तुझं पत्र मला वाचून दाखवलं. घडी करून उशीखाली ठेवलं आणि म्हणाले, कबूल तरी केलं. मी पदराला हात पुसत उभी होते. हात ओले नव्हते.

बाळा, बोल्ट सैल असता तर छिद्रांत हळद कुठून आली असती?

तुझं सतरा तारखेचं पत्र वाचलं त्या क्षणी मला कळलं. नवमीला सगळ्या हत्यारांना तेलाचं बोट लावून हळदीकुंकू वाहिलं. विळीला लावलं, कात्रीला लावलं, तुझ्या पान्यांना लावलं. मग ती नवी तबकडी दिसली. मला वाटलं ही तर सगळ्यांत महत्त्वाची, हीच माझ्या भावाला सांभाळणार. बाकी सगळ्यांना एकेक बोट लावलं होतं, हिला मी वाटीत हळद कालवून तळहातानं लावलं. बाहेरून लावलं, आणि आतल्या बाजूलाही हात घालून लावलं. दोन्ही चाकांना. लोखंडाला तेल वाईट असतं हे मला कधी कुणी सांगितलंच नाही रे. आपल्या घरात लोखंडाला तेल लावतात ते त्याचं भलं व्हावं म्हणून.

लगेच तुला लिहायला हवं होतं. दहा दिवस लिहिलं नाही, ते भीतीपोटी. एकतिसाव्या वर्षी कपाळ पुसून या घरात आले, त्याला छत्तीस वर्षं झाली. तात्यांनी एका शब्दानं कधी जाणवू दिलं नाही की हे माझं घर नव्हे. आता त्यांचा पाय मीच मोडला हे कळल्यावर त्यांनी जा म्हटलं तर मी कुठे जाऊ? असा स्वतःचा विचार केला मी, आणि तिकडे तू हत्यारं देऊन टाकलीस. मला स्वतःची किळस येते.

तुझ्या पत्रातलं एक मात्र समजलं नाही. तू बोल्टचं खोटं का लिहिलंस? तुला कळलं होतं का रे?

मी तात्यांना सांगणार आहे. आज जीभ उचलली नाही. पुढच्या मंगळवारच्या आत सांगते. तू नाशिकला जाऊ नकोस. इतकी तरी माया माझ्यासाठी शिल्लक ठेव.

अभागी
आत्या


मंद्रूप,
३१ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप आत्यास शि. सा. न. वि. वि.

हो, कळलं होतं. नरकचतुर्दशीला गिरिजाबाईंनी मला पाटावर बसवलं आणि आता मुकाट बस म्हणून डोक्यावर तेल थापलं, हळद घातलेलं. पॅड शर्टाच्या खिशात होता, शर्ट खुंटीला. मी ओल्या अंगानं उठलो आणि तो पॅड नाकाशी धरला. त्या माउलीला वाटलं तेल डोळ्यांत गेलं, म्हणून रडतोय. मी तसंच वाटू दिलं.

पण आत्या, तुला पूर्ण हिशेब माहीत नाही. दसऱ्याला सकाळी चाकं चढवताना मला डिस्कवर कुंकू दिसलं होतं. तेलही दिसलं. तेल धुवायचा स्प्रे हाताशी होता. पण तू एवढ्या प्रेमानं वाहिलेलं कुंकू दसऱ्याच्या दिवशी फवारा मारून धुवायचं माझ्या जिवावर आलं. मी कोरड्या फडक्यानं बाहेरून पुसलं, सगळं निघालं असं धरून ते विसरूनही गेलो, आणि आत हात घालून पाहिलंच नाही. नव्या पॅडचे पहिले शंभर किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर सावकाश दाबून घ्यायचे असतात, तेही पाहुणे येणार म्हणून केलं नाही. तात्यांना म्हणालो की दोन दिवस ब्रेक कमी लागेल, लांबूनच दाबा. म्हणजे ब्रेक लागत नव्हता तेव्हा त्यांना वाटलं असणार की मुलानं सांगितलंय तसंच आहे हे. तू तर अडाणी होतीस. मला सगळं माहीत होतं.

म्हणून तात्यांना काही सांगू नकोस. ते माझ्यावर रागावले तर काय होईल, मी तसाही नाशिकला. तुझ्यावर रागावले तर त्यांना उठवणार कोण, आणि तू जाणार कुठे? दोघं एकाच घरात न बोलता राहाल, त्यापेक्षा एक मी बाहेर असलेला बरा. बोल्टचंच खरं राहू दे. हे पत्र वाचून जाळून टाक.

एवढं ऐकशील तर तुझी माया माझ्यावर आहे असं समजेन.

आशिष


सोलापूर,
४ नोव्हेंबर २०२५

चि. आशिष यास अनेक उत्तम आशीर्वाद.

जोतिराम तुझं पत्र घेऊन आला तेव्हा प्रभा भाजीला गेली होती. पत्र त्यानं माझ्या पलंगावर ठेवलं. पाकिटावर तिचं नाव होतं. एकेचाळीस वर्षं टपालखात्यात काढली, दुसऱ्याचं पाकीट कधी उजेडासमोरसुद्धा धरलं नाही. आज धरलं आणि फोडलंही. महिनाभर तुझं नाव न घेता राहिलो होतो, अक्षर दिसलं आणि राहवलं नाही. जोतिरामला बाहेर थांबवून ठेवलं आहे, हे त्याच्याच हाती देतो.

वाचल्यानंतर प्रभा पोथीत लपवते ते तुझं आधीचं पत्रही काढायला लावलं. जोतिरामलाच म्हणालो, तेवढी पोथी दे. आता गुन्हा केलाच आहे तर पुरता करावा.

प्रभानं तुला काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण तिनं एक गोष्ट गाळली असणार. नवमीला मी अंगणात खुर्ची टाकून पूजा पाहत बसलो होतो. तिनं तबकडीला बाहेरून तेल लावलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. मी तिला म्हणालो की आतली बाजू राहिली, पूजा करायची ती अर्धवट करू नये. ती पुन्हा खाली बसली. वाटी तिला पोचत नव्हती, ती मी काठीनं पुढे सरकवली. हे मी विसरलो नव्हतो. त्याचा ब्रेकशी काही संबंध असेल हे मला आज कळलं.

आणखी एक. ब्रेक नीट लागत नाही हे मला जुळे सोलापूरच्या चौकातच समजलं होतं. दोन दिवसांनी सरावेल असं तू म्हणाला होतास, तरी हे त्याहून कमी आहे एवढं चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला कळतं. थांबून तुला फोन करायला हवा होता. केला असता तर तू धावत येऊन चाकं उघडली असतीस आणि पंचाक्षरीकडे पोचायला दुपार झाली असती. तेवढ्यासाठी मी पुढे गेलो. आणि दवाखान्यात पहिलं वाक्य तुला काय बोललो ते तुझ्याही लक्षात आहे, माझ्याही. वेदना होत होत्या म्हणून बोललो असं मी लिहिणार नाही. माझा पाय उशिरा हलतो हे तू ओळखलंस, त्याचा राग माझ्या मनात तू नवे ब्रेक बसवल्यापासूनच होता.

प्रभा भाजी घेऊन आली आहे. माझ्या हातात पाकीट पाहून दारातच उभी राहिली, पिशवी अजून खाली ठेवलेली नाही. मी तिला अजून काही बोललो नाही. पत्र संपवून बोलतो. आधी आत ये म्हणून सांगतो.

नाशिकला कळव की जमणार नाही. कारखान्याला मी स्वतः लिहीन, अर्ज कसा लिहायचा ते मला तुझ्यापेक्षा बरं कळतं. जोतिरामकडून पेटी परत घे.

माझा लोभ गेला महिनाभर पालथा घातलेला होता. तो आता सरळ केला आहे.

तुझा
तात्या

ता. क. – शनिवारपासून मला वॉकर धरून उभं करतात. त्याचा डावा पाय किंचित आखूड आहे, भार टाकला की डुगडुगतो आणि मी पडेन असं वाटतं. दवाखान्याचा माणूस दुरुस्त करायला आला होता, त्याला हात लावू दिला नाही. पाना घेऊन ये.